सुगंधा परबने धरलेलं दार

ओळखीत कुणाचंही लग्न ठरलं, की हॉल बघायला जाताना लोक बोरिवलीच्या सुगंधा परबला बरोबर नेतात. स्टेज केवढं, गाड्या कुठे लावायच्या, पंगत की बुफे, हे बाकीचे बघतात. सुगंधा आत शिरते ती थेट मागच्या अंगाला जाते, नळ सोडून बघते, कडी लावून बघते आणि बाहेर येऊन मान हलवते. मान आडवी हलली तर हॉल रद्द. तिच्या जावेने एकदा हे हसण्यावारी नेलं, आणि मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या बायका नवरीच्या खोलीतल्या संडासासाठी बाहेर रांग लावून उभ्या राहिल्या. ती गोष्ट घरात अजून निघते, आणि निघाली की जाऊ चहा ठेवायला उठते.

हे वेड तिला नोकरीने लावलं. शिलाई मशीन विकणाऱ्या एका कंपनीत ती होती. मशीन विकलं गेलं की गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि ते चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. आज मुलुंड, उद्या घाटकोपर, परवा चेंबूर. पुरुष फिरतीवर असला की त्याला अख्खी मुंबई मोकळी, भिंत दिसली की झालं. बाईने मात्र सकाळी पाणी न पिता निघावं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत कळ दाबून बसावं, असाच या शहराचा हिशेब. सुगंधाला तो कधीच मान्य नव्हता. कुठल्या बँकेचा वॉचमन भला आहे, कुठल्या उडप्याकडे चहा न घेताही मागे जाऊ देतात, कुठल्या प्रसूतिगृहात ‘पेशंटला भेटायला आले’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, हे सगळं तिला पाठ. आता ती रिटायर होऊन घरी बसली, तरी भाच्या आणि भिशीतल्या बायका फोन करतात. “मावशी, चेकनाक्याला उभी आहे, लवकर सांग ना.” सुगंधा भाजी चिरता चिरता सांगते.

पण त्याही आधीचं शिक्षण जोगेश्वरीच्या चाळीतलं. लग्न होऊन ती तिथे आली तेव्हा संडास चाळीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला होते. दारांच्या कड्या कधी जागेवर नसायच्या. नवी लावली की आठवड्यात भंगारात जायची. म्हणून बायका जोडीने जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. आतलीने अधूनमधून विचारायचं, “आहेस ना गं?” बाहेरचीने म्हणायचं, “धरलंय.” आतली ‘सोड’ म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. सासू मालवणची. तिने नव्या सुनेला चूल दाखवायच्या आधी हे दाखवलं. “दार धरूक कोणाक नाय म्हणू नये गो. वैरीण असली तरी.” आणि चाळीत तसंच चालायचं. नळावरच्या भांडणातून ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद, त्यासुद्धा एकमेकींचं दार मुकाट्याने धरायच्या, आणि काम झालं की पुन्हा तोंडं फिरवून आपापल्या खोलीत जायच्या.

सुगंधाने सगळ्यात जास्त दार धरलं ते नणंदेचं. क्षमा तिच्याहून थोडी लहान, शाळेत शिक्षिका, लग्न केलं नाही. चाळ सुटली, बोरिवलीला ब्लॉक झाला, सुगंधाचा नवरा गेला, मुलगा नितेश मोठा होऊन त्याचं लग्न झालं, आणि या सगळ्यात नणंद-भावजय एकाच घरात राहिल्या. भांडल्याही पुष्कळ. पण क्षमाला वहिनीशिवाय आणि वहिनीला क्षमाशिवाय कुठे जाण्यात गोडी नव्हती.

मग तीन वर्षांपूर्वी चेंबूरला एका मुंजीत ते झालं. क्षमाला साखरेचा त्रास, थांबणं होत नाही. सुगंधा त्या दिवशी तापाने घरी होती. हॉलमध्ये बायकांची रांग, आतली बाई दार उघडेना, आणि क्षमा भरल्या हॉलमध्ये उभ्या जागी ओली झाली. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. त्यानंतर क्षमाने आधी लग्नं सोडली, मग भजन सोडलं, मग देऊळ, मग खालची बाग. शाळेतल्या पोरांना घेऊन गड चढणारी बाई गॅलरीतल्या खुर्चीत बसून खालची रहदारी बघू लागली. सुगंधाला ते बघवत नसे. आपण सगळ्या मुंबईच्या बायकांना वाट सांगतो आणि आपल्या घरची बाई अशी बसून राहिली, याचं तिला फार वाईट वाटे.

यंदा नातीचा, ऋतिकाचा, वाढदिवस आला. तिला खाडीपलीकडच्या ‘मौजबेट’मध्ये जायचं होतं. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, सगळं तिथे. आणि क्षमाआजी आली तरच आपण जाणार, असं तिने जाहीर केलं. सुगंधा क्षमाच्या शेजारी जाऊन बसली.

“चल गं. मी आहे ना.”

“आणि तिथे नसलं जवळ कुठे तर?”

“माझ्याबरोबर असताना कधी नव्हतं?”

क्षमाने खालच्या रहदारीकडे बघितलं. मग म्हणाली, “येते. पण तिथे काही झालं ना वहिनी, तर पुन्हा मला घराबाहेर पडायचं विचारू नकोस. कधीच नाही.”

सुगंधाला कळलं की ही एकच संधी आहे.

सगळी बोटीने खाडी ओलांडून गेली. सकाळ झकास गेली. फाटकाजवळ एक सोय होती, खाण्याच्या जागेपाशी दुसरी, दोन्ही बऱ्या. शाळा चालू असल्यामुळे गर्दी नव्हती. क्षमा चक्क फिरत्या घोड्यावर बसली आणि नितेशने फोटो काढला. जेवण झाल्यावर नितेश, त्याची बायको रेवती आणि ऋतिका पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेली. या दोघी लांब, बागेच्या टोकाला झाडाखाली टेकल्या. ऊन टळटळीत होतं.

“वहिनी,” क्षमा म्हणाली. तेवढ्यावरूनच सुगंधा उठली.

समोरच्या सोयीला बांबू आडवा लावलेला, दुरुस्ती चालू. खाण्याच्या जागेपर्यंत मागे जाणं म्हणजे लांबचा पल्ला, आणि क्षमाचा चेहरा पांढरा पडत चाललेला. सुगंधाने चहूकडे नजर टाकली. पाट्यांवर तिचा विश्वास नव्हता, तिचा विश्वास कर्दळीवर. जिथे सांडपाणी निघतं तिथे कर्दळ लावतात, हे तिने पुष्कळ ठिकाणी पाहिलं होतं. डावीकडे एक बंद पडलेला बोटींचा खेळ होता. टाकं कोरडं, तळाशी हंसाच्या आकाराच्या बोटी कलंडलेल्या. त्याच्या पलीकडे लाल फुलांची दाट कर्दळ दिसली.

“ये,” ती म्हणाली आणि क्षमाचा हात धरून निघाली.

पार्कात सकाळपासून एकच गाणं कानांवर आदळत होतं. टाक्याच्या वळणावर ते ऐकू येईनासं झालं. कर्दळीमागे बैठी खोली होती. भिंतीवर पदर घेतलेली, अंबाडा घातलेली बाई रंगवलेली. दाराशी स्टूल नाही, झाडूवाली नाही. आत फरशी नुकतीच धुतलेली, फिनेलचा वास, आरसा लख्ख. ज्याच्यावर माणूस नाही असा इतका स्वच्छ संडास सुगंधाने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. हे तिच्या मनात आलंही, पण क्षमाला दम नव्हता.

“कडी नाहीये गं,” क्षमा आतून म्हणाली.

“धरलंय,” सुगंधा म्हणाली. दारं बाहेर उघडणारी होती. तिने उजवा तळवा दारावर टेकला, आतून पाण्याचा आवाज आला आणि तिच्या जिवात जीव आला.

तेव्हा शेजारच्या दारामागून कुणीतरी म्हणालं, “अहो बाई, माझंही धराल का जरा?”

सुगंधा दचकली. आत कुणी नाही अशीच तिची समजूत होती. आवाज बाईचा, सभ्य, झोपेतून उठल्यासारखा घोगरा.

“हो, धरते की,” ती म्हणाली, आणि डावा हात लांबवून त्या दारावर ठेवला. दोन्ही हात पसरून ती दोन दारांच्या मध्ये उभी राहिली. आपलं हे ध्यान कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं वाटून तिला हसूही आलं. मग लक्षात आलं की डावं दार गार आहे. बाहेर एवढं ऊन, उजव्या दाराचा पत्रा तापलेला, आणि हे दार हाताला गारठा देत होतं.

“आहात ना?” डावीकडून आलं.

“धरलंय.”

“एक होती बरोबर. धरते म्हणाली आणि गेली.”

“असं करतं का कुणी,” सुगंधा म्हणाली. तिला मनापासून राग आला होता.

“बोट गेली का हो?”

“नाही हो. संध्याकाळपर्यंत असतात. आता कुठे दुपार आहे.”

आतली बाई म्हणाली, “फार वेळ दुपारच आहे.”

सुगंधाने हात आणखी घट्ट दाबला. उन्हात फिरून बाईला चक्कर आली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

“वहिनी, कुणाशी बोलतेस?” क्षमाने विचारलं.

“शेजारी एक बाई आहेत.”

“बरं.” आणि थोड्या वेळाने, “सोड.”

क्षमा बाहेर आली. तिचा रंग परतला होता. “सुटले गं,” ती म्हणाली, तोंडावर पाणी मारलं, आणि आरशात बघून केस सारखे करू लागली. तिने आरशात बघून केस सारखे केलेले सुगंधाने मुंजीनंतर पाहिले नव्हते. तिचे डोळे भरून आले. त्याच वेळी डावं दार हाताखाली हललं. ढकलल्यासारखं नव्हे, आत कुणी पाठ टेकवून उभं राहावं तसं ओझं त्यावर आलं. सुगंधाने खाली पाहिलं. धुतलेली ओली फरशी दाराच्या रेषेपर्यंत येऊन थांबली होती. दाराखालच्या फटीतून आतली फरशी दिसत होती, कोरडी, तिच्यावर बोटभर जुनी धूळ. त्या धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं.

सुगंधाच्या मनात पहिली आली ती क्षमा. क्षमाला हे कळलं तर ती आज घरी जाऊन गॅलरीत बसेल ती कायमची.

“तू हो पुढे,” सुगंधा म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला फार जड गेलं. “बाहेर बाक आहे, तिथे बस. या बाईंचं झालं की आलेच.”

क्षमाने त्या दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. “लवकर ये,” म्हणून ती गेली.

“आहात ना?”

“धरलंय,” सुगंधा म्हणाली. पळावं असं तिला फार वाटत होतं. पण आतून कुणीतरी विचारत होतं आणि हात निघत नव्हता. सासूने लावलेलं वळण असं ऐन वेळी जिवावर उठलं, म्हणून ती मनातल्या मनात सासूवरही चिडली.

“बाहेर कोण थांबलंय?”

भीती वाटली की काही माणसांची वाचा बसते. सुगंधा परबची सुटते. “माझी नणंद आहे हो,” ती भडाभडा बोलू लागली. “आजारी असते. पूर्वी सगळीकडे हिंडायची, आता घाबरते. बरोबर कुणीतरी लागतं दार धरायला. मी असते, पण माझेही गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, मला सगळीकडे जमतं असं नाही.”

“चांगली आहे?”

“कोण, क्षमा? लाख माणूस आहे.”

दारावरचं ओझं किंचित हललं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या बाईला निरोप देताना आपण जे म्हणतो, तेच तिच्या तोंडातून सवयीने निघालं. “या ना कधी घरी. बोरिवलीलाच असतो आम्ही.”

दारावरचं ओझं हळूहळू कमी झालं.

“येईन,” आवाज आला. “सोडा आता.”

सुगंधाने हात काढला. दार आपोआप, सावकाश बाहेर उघडलं. आत मोडक्या खुर्च्या होत्या, खराटे, दगडासारखी घट्ट झालेली जंतुनाशक पावडरची पोती, फरशीपासून छतापर्यंत रचलेली. मांजर शिरेल एवढीही जागा नव्हती. पुढून आडवं कोळिष्टक होतं आणि ते कुठेही तुटलेलं नव्हतं. सुगंधा बघत उभी राहिली. मग तिने, का ते तिलाही सांगता येणार नाही, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि चालत बाहेर आली. पळाली नाही, कारण बाकावरून क्षमा बघत होती.

क्षमा बाकाच्या एका टोकाला सरकून बसली होती. “झालं त्यांचं?”

“झालं.”

“कुठल्या गं?”

“विचारलं नाही,” सुगंधा म्हणाली.

परतीच्या बोटीत क्षमा ऋतिकाशी हसत-खिदळत होती. सुगंधाने रवळनाथाचं नाव घेतलं आणि ठरवलं, की आज जे पाहिलं ते या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

आणि तिला हवं होतं तसंच घडत गेलं. त्याच आठवड्यात क्षमा एकटी देवळात जाऊन आली. मग लायब्ररीत. मग वर्सोव्याला, शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे, तेही बसने. नितेश म्हणाला, “आत्या, तू तर सुटलीसच.” डॉक्टर खूश झाले. रेवतीने तिला नव्या चपला आणल्या. सगळं घर आनंदात होतं, आणि सुगंधा रोज संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसू लागली.

“वर्सोव्याला सोय कशी होती?” तिने विचारलं.

“होती एक. कडी तुटकी. पण काही अडलं नाही.”

“मग दार?”

“धरायला असतं कुणीतरी,” क्षमा म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

मुंबईत परक्या बायका एकमेकींसाठी एवढं करतातच, असं सुगंधाने मनाला समजावलं. ते दोन दिवस पटलं. मग एका दुपारी ती कपडे वाळत घालत असताना न्हाणीघराच्या दारामागून क्षमाचा आवाज आला. “आहेस ना गं?” घरातली कडी पितळेची, भक्कम. सुगंधाला वाटलं आपल्यालाच विचारतेय, आणि ती उत्तर द्यायला वळलीही. पण मध्ये थोडी शांतता गेली, कुणी बोलेल एवढी, आणि क्षमा त्यावर हळूच हसली. सुगंधाच्या हातातला परकर ओला तसाच राहिला.

रविवारी क्षमाला मुलुंडला जायचं होतं, एका जुन्या विद्यार्थिनीच्या वास्तुशांतीला. सुगंधाने सकाळीच चांगली साडी नेसली, गुडघ्यांना तेल लावलं आणि पर्स घेऊन तयार होऊन बसली. “आज मी पण येते,” ती म्हणाली.

क्षमा नव्या चपलेचा पट्टा लावत होती. तो लावायला तिने जास्तच वेळ घेतला. “वहिनी, तू राहू दे.”

“का गं? मला पत्ता माहीत आहे तो. मागच्या गल्लीत बँक आहे, तिथे…”

“तसं नाही गं.” क्षमाने आवाज खाली आणला, कुणी दुखावू नये म्हणून आणतात तसा. “तू असलीस की तिला अवघडल्यासारखं होतं. म्हणते, तुम्ही दोघी घरच्या, मी मध्ये कशाला.”

सुगंधा पर्स मांडीवर घेऊन बसूनच राहिली. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या खाली तिला मत्सरही वाटला, ज्याची तिला लाज वाटली. आयुष्यभर ज्या जागी ती उभी होती तिथे आता दुसरं कुणी उभं होतं, आणि त्या बाईला घरी बोलावलं होतं तेही सुगंधानेच. सांगायचं ठरवलं तर एक वाक्य पुरे होतं. क्षमा, त्या खोलीत पोती होती. एवढं ऐकलं असतं तर क्षमा चपला काढून गॅलरीत जाऊन बसली असती, आणि पुन्हा उठली नसती.

क्षमा आरशापुढे उभी राहून केसांवरून हात फिरवत होती. चेहरा मोकळा, गड चढायला निघालेल्या बाईचा होता. सुगंधा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि ते वाक्य तिने गिळलं.

“जपून जा,” ती म्हणाली.

क्षमा जिना उतरू लागली. सुगंधा कठड्याशी आली, खाली वाकली, आणि जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “दोघी जपून जा गं.”